पाणी इथवर आलं होतं : नागपुरातल्या वस्तीत बदलत्या भूमीची खूण कशी उभारायची

नागपुरात भिंती रंगवायची हौस कमी नाही. उड्डाणपुलाचे खांब, शाळेचं कंपाउंड, नाल्याकाठची भिंत, जागा दिसली की तिथं खंड्या, कमळ, वाघ आणि हिरवेगार डोंगर येतात. त्यात वाईट काही नाही. पण कमळाच्या खालून काळं पाणी वाहत असतं आणि शेजारी राहणाऱ्याला त्या चित्रातून आपल्या जागेबद्दल काहीच कळत नाही. हा लेख वेगळ्या कामासाठी आहे. वस्तीतली जमीन, पाणी आणि झाडं कशी बदलली ते जिथं घडलं तिथंच, खऱ्या मापात दाखवणारी खूण उभी करायची. गणेश मंडळ, शाळा, लेआउटमधली सोसायटी किंवा नुसते पाच-सहा मित्रही हे करू शकतात. कलावंत लागतोच, पण थोडा नंतर. आधी टेप आणि मिस्त्री.

रस्त्यावर उभं राहून गावाच्या दुखण्याबद्दल बोलायची सवय या शहराला जुनी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे पीडेचा मोठा पुतळा, मिरवणुकीनं निघते. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. सोबतचे बडगे, म्हणजे टोमणे मारणारे पुतळे, महागाईपासून खड्ड्यांपर्यंत कुणालाच सोडत नाहीत. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत सगळी पीडा गावाबाहेर नेऊन जाळायची. आपलं काम याच्या उलट दिशेचं आहे: काही गोष्टी जाळून चालत नाहीत, त्या दिसत राहाव्या लागतात.

पहिलं पाऊल : एकच बदल निवडा

‘पर्यावरण’ हा विषय घेऊ नका. ‘नाग नदी’ हासुद्धा फार मोठा. ‘आपल्या गल्लीच्या तोंडाशी 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे पाणी किती चढलं’ हा विषय झाला. त्या रात्री काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत लोकांच्या बैठकीत पाणी आलं. तुमच्या गल्लीत हे झालं असेल तर विषय शोधायची गरजच नाही.

पूर आला नसेल तरी पर्याय आहेत. मला स्वतःला सगळ्यात बोलका वाटतो तो रस्त्याच्या उंचीचा. जुन्या वस्त्यांमध्ये डांबरावर डांबर आणि मग त्यावर सिमेंट चढत गेलं. ज्या ओट्यावर तीन पायऱ्या चढून जायचो, तिथं आता एकच पायरी उरलीय, आणि काही घरांत तर रस्त्यावरून खाली उतरावं लागतं. पावसाचं पाणी त्याच वाटेनं आत येतं. हे रोज सगळे बघतात, पण कुणाला ते दिसत नाही.

तिसरा पर्याय तोडलेल्या झाडांचा. रस्ता रुंद करताना गेलेल्या कडुनिंबाच्या जागी, त्याच्या खोडाएवढंच वर्तुळ जमिनीत बसवायचं. चौथा तलावाच्या काठाचा: सक्करदरा, नाईक तलाव, लेंडी तलाव यांपैकी एखाद्याचं पाणी पूर्वी कुठवर असे ती रेषा. पाचवा संत्र्याच्या बागेचा, जिथं आता प्लॉट पडलेत. बागेत झाडं ज्या अंतरावर होती त्याच अंतरावर खुणा. बदल कोणताही असो, वस्तीतल्या दहा जणांना विचारा. दहापैकी सातजण त्याच गोष्टीबद्दल बोलू लागले तर ती घ्या.

दुसरं पाऊल : माहिती गोळा करा

सुरुवात घरांपासून करा. लग्नाचे, बारशाचे, नव्या स्कूटरच्या पूजेचे फोटो मागा. त्यात माणसं पुढं असतात आणि मागं रस्ता, विहीर, झाड, पायऱ्या. आपल्याला मागचंच हवंय. फोटो घेऊन जाऊ नका, मोबाईलवर तिथंच टिपा आणि अल्बम परत द्या. नंतर फोटो परत मिळाला नाही म्हणून अख्खं घर नाराज होतं आणि त्यांच्यासोबत गल्लीही.

कागदांमध्ये नगर भूमापन कार्यालयातले नकाशे, मौज्याचा (महसुली गावाचा) जुना नकाशा आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे बघा. मौज्याच्या नकाशात नाला कुठून वाहत होता ते स्पष्ट दिसतं, आणि आज तिथं कुणाचा बंगला आहे तेही. गूगल अर्थच्या संगणकावरच्या आवृत्तीत मागच्या तारखांची उपग्रहचित्रं उघडतात. गेल्या वीसेक वर्षांचा बदल त्यावर चांगला कळतो. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था दोन्ही नागपुरातच आहेत, कॉलेजच्या पत्रावर तिथं विचारणा करता येते. नदीकाठचं काम असेल तर पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. तोंडी मागून मिळाला नाही तर माहितीच्या अधिकाराचा 10 रुपयांचा अर्ज करा; 30 दिवसांत उत्तर यायला हवं.

म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आणि नकाशा जुळले नाहीत तर आठवणीला खोटं पाडत बसू नका. दोन्ही लिहून ठेवा. खुणेसाठी मात्र मोजता येईल तेच घ्या.

तिसरं पाऊल : मोजमाप

सगळं काम यावर उभं आहे, म्हणून इथं घाई नको. पुराचं उदाहरण घेऊ.

पाण्याचा डाग आधी घराच्या आत शोधा. बाहेरच्या भिंतीवर गाड्यांनी उडवलेलं पाणी आणि प्रवाहाच्या लाटा यांमुळे डाग वर-खाली असतो. आतल्या खोलीत पाणी शांत उभं राहिलेलं असतं, तिथली गाळाची रेघ सरळ मिळते. घर रंगवून झालं असेल तर लाकडी कपाटाचा फुगलेला भाग बघा, मीटरच्या पेटीतला गाळ बघा, दाराच्या चौकटीचा मागचा कोपरा बघा. त्या रात्रीच्या मोबाईल फोटोत भिंतीच्या टाइल्स दिसत असतील तर पाण्याबाहेर किती टाइल्स होत्या ते मोजा, एका टाइलची उंची आज मोजा, हिशेब लागतो. एकाच घरावर विसंबू नका. तीन-चार घरांतली रेघ जुळली पाहिजे.

आता ही उंची गल्लीच्या तोंडाशी, जिथं खूण उभी करायची तिथं न्यायची. यासाठी महागडं यंत्र नको, मिस्त्री वापरतात ती पारदर्शक नळी पुरे. साधारण बोटभर जाडीची, पंधरा मीटर लांब. बादली उंच ठेवून नळीत पाणी ओढून घ्या. पाण्यात दोन थेंब नीळ टाका म्हणजे पातळी दिसते. मग दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धरा. दोन्हीकडं पाणी एकाच उंचीवर थांबलं तर नळी बरोबर आहे. नाही थांबलं तर कुठंतरी बुडबुडा अडकलाय. नळीवर टिचक्या मारत तो बाहेर काढा. आमच्याकडचे मिस्त्री सांगतात, ‘भाऊ, बुडबुडा राह्यला तं सारं मोजणं खोटं.’ ते शब्दशः खरं आहे.

एक टोक डागाच्या रेघेवर, दुसरं खुणेच्या जागी. दोन्ही टोकांवरचे अंगठे काढलेत ना, हे बघा. निम्म्या चुका इथंच होतात. पाणी डोलायचं थांबेपर्यंत थांबा आणि पेन्सिलीनं रेघ मारा. अंतर जास्त असेल तर टप्प्याटप्प्यानं पुढं जा, आणि शेवटी त्याच वाटेनं परत पहिल्या डागापर्यंत या. परत आल्यावर एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर सगळं पुन्हा करा. हे काम सकाळी लवकर उरका. नळीचा अर्धा भाग उन्हात तापला आणि अर्धा सावलीत राहिला तर पातळीत थोडा फरक येतो. आणि एक मर्यादा लक्षात ठेवा: वाहत्या पुराचं पाणी उताराच्या दिशेनं खाली-खाली जातं, त्यामुळं एका गल्लीतली उंची अर्धा किलोमीटर दूरच्या चौकात नेऊन लावू नका. तिथं तिथलाच डाग शोधा.

उंची लिहिताना ‘रस्त्यापासून चार फूट’ असं कधीही लिहू नका. पुढच्या वर्षी रस्ता वर आला की चार फुटांचे तीन फूट होतील. हलणार नाही अशा गोष्टीपासून मोजा: जुन्या घराचं जोतं, देवळाची पायरी, पुलाचा कठडा. शक्य असेल तर इंजिनिअरिंग कॉलेजच्या सिव्हिलच्या पोरांकडून ऑटो लेव्हल (उंची मोजायचं दुर्बिणीसारखं यंत्र) लावून समुद्रसपाटीपासूनची उंची काढून घ्या. त्यांना तो सरावच असतो. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटरवर आहे, आणि झिरो माइलच्या आवारात 1907 सालचा सर्वेक्षणाचा प्रमाण-दगड, म्हणजे उंची ठरवून दिलेली खूण, अजून उभा आहे. सगळे फोटो काढतात ते शेजारच्या घोड्यांचे आणि खांबाचे. या कामाच्या दृष्टीनं खरा देव तो बुटका दगड आहे.

झाडाचं माप सोपं: बुंधा शिल्लक असेल तर घेर मोजून 3.14 नं भागा, व्यास मिळतो. बुंधा उपटला असेल तर जुन्या फोटोत झाडाशेजारच्या फाटकाशी तुलना करा. फाटक बहुधा अजून तेच असतं. रस्त्याच्या उंचीसाठी जुन्या फोटोतल्या पायऱ्या मोजा आणि आज दिसतात त्या वजा करा. शक्य असेल तर एका कोपऱ्यात खणून पुरलेली पायरी उघडी करा. उघडी पडलेली पायरी हीच एक कलाकृती असते, वर काही चढवायची गरज उरत नाही.

चौथं पाऊल : आधी फक्कीनं करून बघा

दगड आणण्याआधी एका रविवारी मैदानावर आखतात ती पांढरी फक्की आणा आणि रेषा आखा. तलावाचा जुना काठ असेल तर तो रस्त्यांवरून, पार्किंगमधून, कुणाच्या फाटकासमोरून जसा जातो तसा. न्यूयॉर्कमध्ये ईव्ह मोशर या महिला कलावंतानं 2007 साली मैदान आखायच्या यंत्रानं समुद्रसपाटीपासून 10 फुटांवरची रेषा ब्रुकलिन आणि मॅनहॅटनच्या किनारी भागांत ओढली होती. लोक थांबून विचारत, बोलणं सुरू होई, काम तेच होतं. 2012 च्या सँडी वादळात पाणी बरंचसं त्याच भागांत शिरलं.

पुराच्या उंचीसाठी विजेच्या खांबांना निळी दोरी बांधायचा मोह होईल. तो टाळा. दोन बांबू रोवा आणि त्यांच्यात बांधा. दोरी कुणाच्या कमरेला लागते, कुणाच्या गळ्याला, आणि शाळेतून येणारी पोरं तिच्याखालून न वाकता जातात. त्या एका दिवसात जे ऐकाल ते वहीत लिहा. कायमच्या खुणेची जागा, उंची, मजकूर यांबद्दलचे निम्मे प्रश्न तिथं सुटतात.

विरोधही याच दिवशी बाहेर येतो आणि तो आधी आलेला बरा. ‘काहून बाप्पा, आमच्या प्लॉटचा भाव पाडता काय?’ हा प्रश्न नक्की येणार. त्याला हसण्यावारी नेऊ नका, घर हीच बहुतेकांची आयुष्यभराची कमाई असते. खूण कुणाच्या घरावर लावायची नाही, सार्वजनिक जागेवर लावायची, आणि मजकुरात घर क्रमांक, प्लॉट क्रमांक किंवा कुणाचं नाव घालायचं नाही, एवढं आधीच कबूल करा. ज्यांच्या घरी नुकसान झालं त्यांना विचारल्याशिवाय त्यांचे फोटोही वापरू नका.

पाचवं पाऊल : परवानगी

जागा कुणाची, हे आधी ठरवा. बहुतेक गल्ल्या महानगरपालिकेच्या, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे, मेट्रोचे खांब महामेट्रोचे. नागपूर सुधार प्रन्यासचाही काही ठिकाणी संबंध येतो. महापालिकेच्या दहा झोनपैकी तुमच्या झोनच्या कार्यालयात अर्ज द्या. सोबत जागेचा फोटो, हातानं काढलेला आराखडा, मापं, वापरायचं साहित्य आणि ‘देखभाल आम्ही करू’ असं लिहिलेलं पत्र जोडा. आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. खासगी भिंत असेल तर मालकाची लेखी संमती; सगळ्यांना दिसणारी जागा परवानगीशिवाय रंगवणं 1995 च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्यात बसतं. वारसा यादीतल्या वास्तूजवळ असाल तर वारसा समितीकडं जावं लागेल.

दोन गोष्टींना माझा साफ नकार आहे. झाडाला खिळा ठोकायचा नाही, पाटी बांधायची नाही. आणि नदी-नाल्याच्या पात्रात किंवा सांडव्यासमोर (तलावाचं जादा पाणी बाहेर पडतं तिथं) काहीही उभं करायचं नाही, कितीही सुंदर असलं तरी. अंबाझरीच्या सांडव्यापुढच्या स्मारकावरून पुरानंतर प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. पाण्याबद्दलची कलाकृती पाण्याच्याच वाटेत यावी, यासारखी लाज नाही.

सहावं पाऊल : रूप आणि साहित्य

आता कलावंताला बोलवा. शासकीय चित्रकला महाविद्यालयातली मुलं अशा कामात रस घेतात. त्यांना माप द्या, जागा द्या आणि एकच अट घाला: माप बदलायचं नाही. बाकी त्यांच्यावर सोडा.

दगड निवडायचा तर आपला काळा दगड. दख्खनच्या लाव्हाच्या थरांची पूर्व कड नागपुरातच संपते, सीताबर्डीची टेकडी त्याच दगडाची. जर्मनीतल्या कासेल शहरात योझेफ बॉइसनं 1982 साली संग्रहालयासमोर काळ्या दगडाचे 7000 खांब रचून ठेवले होते. एक ओक लावला की ढिगातला एक खांब उचलून त्या झाडाशेजारी रोवायचा. झाडं लागत गेली तसा ढीग कमी होत गेला. 1987 साली शेवटचं झाड लागलं, तेव्हा बॉइस जिवंत नव्हता. झाड वाढतं, दगड तेवढाच राहतो, आणि दोघांमधला फरक दरवर्षी वाढत जातो. कडुनिंब गमावलेल्या रस्त्यासाठी यापेक्षा चांगली कल्पना मला माहीत नाही.

नागपूरचं ऊन लक्षात घ्या. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, म्हणून माणूस हात लावेल किंवा टेकून बसेल तिथं लोखंड नको. पॉलिश केलेला ग्रॅनाइट दुपारी इतका चमकतो की अक्षरं वाचता येत नाहीत. खरबरीत फिनिश घ्या. अक्षरं निदान पाच मिलिमीटर खोल कोरा, रंग उडाला तरी वाचता येतात. फ्लेक्स एका उन्हाळ्यात फिका पडतो आणि दुसऱ्यात फाटतो. भिंत रंगवायचीच असेल तर पावसाळ्यानंतर ओल पूर्ण सुकू द्या आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काम करा. नवं प्लास्टर असेल तर आधी चार आठवडे जाऊ द्या. भडक लाल-पिवळे रंग आधी उडतात. गेरू, पिवळी माती यांसारखे ऑक्साइडचे रंग टिकतात.

स्वस्त आणि टिकाऊ पर्याय गच्चीवर आहे. उन्हाळ्यात गच्ची थंड राहावी म्हणून आपण बसवतो ते चायना चिप्स, म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे. रेषा त्यांतून बसवा. रंग उडत नाही, तुकडा निघाला तर वस्तीतला मिस्त्री अर्ध्या तासात बसवतो, आणि पोरांना तुकडे लावायला देता येतात. ज्या पोरानं स्वतः तुकडा बसवलाय ते तिथं कुणाला थुंकू देत नाही. खर्राच्या (तंबाखू-सुपारीच्या) पिचकाऱ्यांवर याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

सातवं पाऊल : मजकूर

कमीत कमी शब्द. जपानमधल्या अनेयोशी गावात 1933 च्या त्सुनामीनंतर दगड लावला, त्यावर सांगितलंय की या जागेच्या खाली घर बांधू नका. 2011 ची त्सुनामी त्या दगडाच्या खालीच थांबली. चेक प्रजासत्ताकात एल्ब नदीच्या पात्रात डेचिन शहराजवळ दुष्काळातच उघडा पडणारा दगड आहे, त्यावर 1616 सालाची खूण आहे आणि कोरलंय: ‘मी दिसलो तर रडा.’ दोन्ही ठिकाणी लक्षात राहतो तो इशारा; कुणाच्या हस्ते, कुणाच्या प्रेरणेनं, कुणाच्या सौजन्यानं हे नव्हे.

आपल्याकडं ‘पाणी इथवर आलं होतं’, तारीख, आणि अमक्या जोत्यापासून इतकी उंची, एवढं पुरे. खाली तेच हिंदीत. इथं अर्धी वस्ती हिंदी बोलते. तीन मीटरवरून वाचायचं असेल तर अक्षर निदान 25 मिलिमीटर उंच ठेवा. घोषवाक्य नको, ‘चला निसर्ग वाचवूया’ तर नकोच. नगरसेवक नावाचा आग्रह धरतील. देणगीदारांची यादी सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावा, दगडावर नको.

आठवं पाऊल : पैसे आणि नंतरची वर्षं

वर्गणी गणपतीसारखीच गोळा होते, त्यावर वेगळं सांगायला नको. फक्त जमलेल्या रकमेचा पाचवा भाग देखभालीसाठी बाजूला काढा आणि तो पहिल्याच वर्षी खर्चू नका.

उद्घाटन फीत कापून करू नका. नाल्याच्या वरच्या टोकापासून खुणेपर्यंत चालत या, ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांना वाटेत बोलू द्या. पुराच्या खुणेसाठी मृगाच्या आधीचा रविवार चांगला: त्याच फेरीत गटारांची जाळी तुंबलीय का, नाल्यात कुणी मलबा टाकलाय का, ते दिसतं, आणि झोन कार्यालयात द्यायच्या तक्रारीसाठी फोटोही मिळतात.

दरवर्षी ऑक्टोबरात पाहणी करा: भेगा, निघालेले तुकडे, अक्षरांत साचलेली माती. मोजमापाची वही, नळीनं घेतलेल्या उंचींचा तक्ता आणि परवानगीची प्रत यांचे तीन संच करा: एक मंडळाकडं, एक शाळेत, एक अशा घरी जिथं कागद फेकले जात नाहीत. गल्लीत सिमेंट रस्त्याचं काम निघाल्याचं कळलं की लगेच झोनला पत्र द्या, सोबत खुणेचा फोटो आणि परवानगीचा आवक क्रमांक जोडा, आणि काम सुरू असेल त्या दिवशी कुणीतरी तिथं उभं राहा. कंत्राटदाराला खूण हलवायची वेळ आलीच तर जोत्यापासूनचं माप वहीत आहेच. रस्ता झाल्यावर नळी काढा आणि त्याच उंचीवर पुन्हा बसवून घ्या. खालचा किती भाग नव्या रस्त्यात गेला तेही मोजा आणि तारखेसह दगडावर एक आडवी रेघ वाढवा.